गोळी खाणारा कार्यकर्ता

मित्रहो, मी गोळी खातो. डिप्रेशनची. रोज रात्री जेवणानंतर एक. एवढं वाक्य चारचौघांत बोलायला मला दोन वर्षं लागली.

गावोगाव जाऊन अत्याचाराच्या केसेसचे जबाब लिहून घ्यायचे, हे माझं काम. एका गावाहून परत आलो अन् झोपच गेली. पहाटे तीनला डोळा उघडायचा. भाकर मातीसारखी लागायची. जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजत होता, पोरं नाचत होती, अन् मला आत काहीच हलत नव्हतं. पुढं पुढं तर मरावंसं वाटायला लागलं.

दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं आडनाव विचारलं. त्यानंतर मान वर केलीच नाही. दोन मिनिटांत चिठ्ठी. एसिटालोप्राम. 'महिन्यानं या.' बस्स. ही गोळी काय करते, काय बिघडवते, एक शब्द नाही.

पहिला आठवडा म्हणजे शिक्षा. मळमळ, तोंड कोरडं, हात थरथरायचे. होती नव्हती ती झोप पण गेली. आतून कुणीतरी सारखं ढोसतंय अशी बेचैनी. वाटलं, यांनी आपल्याला विषच दिलं. नंतर कळलं, या गोळीचा त्रास आधी येतो अन् गुण मागाहून. दोन ते चार आठवडे फरक कळायला, पुरता गुण यायला सहा किंवा जास्त. हे त्या दोन मिनिटांत सांगता आलं असतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहाला चव आली. एवढंच झालं. पण ते फार होतं.

मग एका अभ्यासवर्गानंतर मित्रानं माझ्या खिशातली पट्टी बघितली. म्हणाला, 'बाबासाहेबांचा माणूस न् वेड्याच्या गोळ्या? दुःख व्यवस्थेनं दिलंय. गोळीनं व्यवस्था बदलती का?' मला ते पटलं. आणखी एक कारण होतं, ते त्याला सांगितलं नाही. बायकोजवळ गेलो की शरीर साथ देत नव्हतं. ती काही बोलायची नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद.

चौथ्या दिवशी दादरला चैत्यभूमीच्या रांगेत होतो. 6 डिसेंबर. मान वळवली की डोक्यात करंट मारायचा. चक्कर. घाम. पुढच्या म्हाताऱ्याचा धक्का लागला तर त्याच्या अंगावर धावून गेलो. म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. लाजेनं मेलो. रांग सोडून निघालो. वाटलं, वेड लागलं ते हेच.

ते वेड नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. ही गोळी एकदम तोडली की मेंदू असा बोंबलतो. दारूसारखं हे व्यसन नव्हे. पण शरीराला सवय झालेली असते, म्हणून डोस आठवड्या-आठवड्यानं, कुणाला महिन्या-महिन्यानं उतरवायचा. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायचा, नाहीतर दुखणं उलटतं. बायकोजवळची अडचण मी खाली मान घालून सांगितली. त्या म्हणाल्या, 'पुष्कळांना होतं. सांगितलं तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. न सांगता सोडली तर मी काय करणार?'

घरी आईला सांगितलं. ती झाडूखात्यातली, टीबीतून उठलेली. म्हणाली, 'आरं, निम्म्यात सोडत्यात व्हय? मी सा म्हैने गिळल्या का न्हाई?' मी तिला एक गोष्ट वाचून दाखवली. 1952 साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू दवाखान्यात टीबीच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं, तर खाटेवरची माणसं हसायला, नाचायला लागली. त्यातूनच डिप्रेशनवरचं एक पहिलंवहिलं औषध निघालं. पुढं त्यानं लिव्हर बिघडतं म्हणून ते मागं घ्यावं लागलं. आई म्हणाली, 'म्हंजी तुझी गोळी माझ्याच घरची.'

मित्रहो, आता कामाचं. वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत अन् डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात. तेव्हा एकटं राहू नका, घरातल्या एकाला सांगून ठेवा, विचार आले की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. झोप नको, खर्च बेसुमार, बोलणं थांबेना, अशी तेजी आली तरी लगेच दाखवा. अंगदुखीची ट्रामाडॉल, चिवट टीबीतलं लिनेझोलिड, यांची या गोळीशी गाठ धोक्याची. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरपुढं आधी ही पट्टी ठेवा. दारू नकोच. दीक्षाभूमीवरच्या बावीस प्रतिज्ञांत ती सोडलीच आहे, ते निदान इथं तरी पाळा. मित्राच्या पट्टीतली गोळी उसनी घेऊ नका.

अन् विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलंय की उपचार कोणता, त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे रोग्याला त्याला समजेल अशा भाषेत कळलं पाहिजे. ती मेहरबानी नाही, हक्क आहे. माझ्यापुढं मान खाली घालून चिठ्ठी लिहिणाऱ्यानं हा हक्क मारला, अन् मी पण मागितला नाही. ॲट्रॉसिटीची कलमं तोंडपाठ असलेला मी! रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

त्या मित्राचा प्रश्न खोटा नव्हता. गोळीनं जात जात नाही. त्या गावातली विहीर मला अजून दिसते. पण बाबासाहेबांना मधुमेह होता अन् ते औषधं घेत होते, त्याला कुणी पळपुटेपणा म्हणत नाही. मग दुखणं मेंदूत शिरलं की आपलाच माणूस आपल्याला का हसतो?

गेल्या रविवारी अभ्यासवर्गात मी पट्टी सतरंजीवर ठेवली. कुणी बोललं नाही. वर्ग सुटल्यावर एक पोरगं मागं रेंगाळलं. हळूच म्हणालं, 'दादा, सकाळी घ्यायची का रात्री?'

मी त्याला खाली बसवलं.

जयभीम.