डोळ्यांतील पंख

आमच्या उजव्या डोळ्यांत नाकाच्या बाजूनें एक मांसल पडदा बुबुळावर सरकला आहे. सुश्रुतानें असल्या वाढीस अर्म म्हटलें. ग्रीकांनीं पंख म्हटलें. ती कर्करोग नव्हे. उन्हावाऱ्यांत राबणाऱ्यांस ती अधिक होते. दिसण्यांत बरी नाहीं, सबब कापून टाकावी, असा घरच्या मंडळींचा आग्रह आहे.

परंतु नुसतें कापणें पुरत नाहीं. उघड्या पडलेल्या जागीं ती पुष्कळदां पुन्हा, आणि अधिक चिवटपणें, वाढते. सुश्रुतानें ती आंकड्यानें उचलून छेदावयास सांगितलें. आजचे नेत्रवैद्य त्या जागीं वरच्या पापणीखालचा निरोगी पातळ पडदा बसवितात. केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या उपायाचे अनुभव १९८५ सालीं प्रसिद्ध केले. म्हणजे खरें कौशल्य उपटण्यांत नसून रिकामी जागा भरण्यांत आहे.

मात्र हें भरावयाचें वस्त्र थोडकें असतें, आणि पुढें काचबिंदूची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आल्यास तोच भाग लागतो. आमच्या वडिलांची दृष्टि काचबिंदूनेंच गेली. म्हणून हा पडदा बाहुलीजवळ येईपर्यंत, किंवा चष्म्याचा नंबर बिघडवूं लागेपर्यंत, आम्ही काळा चष्मा लावून थांबणार आहों. तूर्त त्याचा त्रास आम्हांकडे पाहणाऱ्यांस आहे, आमच्या पाहण्यास नाहीं.