छडीची बंदूक

२०११च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरच्या कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या असायच्या. एकीवर मी, वय चौदा. दुसरीवर धाकटा भाऊ, वय अकरा. गेम होता ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज : पार्ट वन’. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे तो अडखळत चालायचा, पण भावाला त्याचं काही नव्हतं. तो एखाद्या दगडामागे लपायचा, डोकं वर काढायचा आणि डेथ ईटर्सवर ‘स्टुपेफाय’चा मारा करायचा. तोंडानेही ओरडायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “कुणाला शिव्या देतोयस रे?”

त्याच सुट्टीत मला गेमचे रिव्ह्यू वाचायचा नाद लागला. या गेमला समीक्षकांनी जवळपास एकमुखाने झोडपलं होतं. छडीची बंदूक करून टाकलीय, हा गेम ‘गिअर्स ऑफ वॉर’ची फिकी नक्कल आहे, त्याच त्या मोहिमा पुन्हा पुन्हा करायला लावतात, अदृश्य होण्याचा झगा घातला की खेळणं आणखीच वैतागाचं होतं, असा एकूण सूर. मला हे सगळं एकदम पटलं. म्हणजे खरं तर मला ती भाषा आवडली. मी ते रिव्ह्यू मराठीत करून भावाला वाचून दाखवायला लागलो, तेही तो खेळत असताना. चार-पाच दिवसांनी त्याने गेम काढून टाकला.

रिव्ह्यू चुकीचे नव्हते, हे आजही म्हणेन. या चित्रपटात हॉगवर्ट्स जवळजवळ नाहीच. हॅरी, रॉन आणि हर्मायनी जंगलात तंबू ठोकून लपत फिरतात, एकमेकांवर चिडतात, घाबरतात. भीती आणि एकटेपणाची गोष्ट आहे ती. त्यातून मारामारीचा गेम काढायचा तर मारामारी बाहेरून भरावी लागते. आधीचा ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’चा गेम २००७चा. त्यात निदान अख्खं हॉगवर्ट्स हिंडायला मिळायचं. इथे ते गेलं आणि त्या जागी आडोसे आणि शत्रू आले.

पण हे असं का झालं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला मागच्या वर्षी.

आमच्या टीमने एका क्लायंटसाठी शॉपिंग ॲप केलं. दिवाळी सेलची तारीख आधीच ठरलेली. दिवाळी कुणासाठी पुढे जात नाही. पेमेंटचा भाग माझ्याकडे होता. नेटवर्क मधेच गेलं तर कधीकधी पैसे दोनदा कापले जातात, हे टेस्टिंगमध्येच दिसलं होतं. ‘क्वचित होतं, सेलनंतर बघू’ असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो. सेलच्या पहिल्याच दिवशी एक तारावाल्या रिव्ह्यूंची रांग लागली. एकाने विचारलं होतं, हे बनवणाऱ्यांनी स्वतः एकदा तरी वापरून पाहिलंय का?

पाहिलं होतं. तो बग माझ्याच नावावर पडून होता.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी तो जुना गेम कुणी बनवला होता ते शोधलं. ईए ब्राइट लाइट, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा स्टुडिओ. चित्रपट नोव्हेंबर २०१०मध्ये येणार म्हणजे गेमही तेव्हाच. त्याआधी ‘हाफ-ब्लड प्रिन्स’ चित्रपट २००८वरून जुलै २००९वर ढकलला गेला, तेव्हा त्यांचा गेमही मागोमाग २००९मध्ये गेला. कॅलेंडर त्यांच्या हातात नव्हतंच. ‘पार्ट टू’ २०११च्या जुलैमध्ये आला, आणि २०१२मध्ये तो स्टुडिओच बंद झाला.

उलट उदाहरणंही आहेत. ‘गोल्डनआय’ चित्रपट १९९५चा, त्याचा गेम आला १९९७मध्ये, आणि लोक आजही त्याचं नाव काढतात. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ २०२१मध्ये यायचा होता, तो आला फेब्रुवारी २०२३मध्ये. त्याला कुठला चित्रपट गाठायचा नव्हता, म्हणून थांबता आलं. तोही तुफान खपला. वेळ मिळाला की गेम चांगलाच होतो असं नाही, पण निदान ‘नंतर बघू’मधला ‘नंतर’ तरी येतो.

म्हणून आता मी समीक्षकांवर चिडावं का? नाही. ज्याचे पैसे दोनदा कापले गेले, त्याला माझ्या डेडलाइनशी काय देणंघेणं? त्याने एक तारा दिला तो बरोबरच दिला. गेमवर पैसे घालावेत की नाही हे सांगणं समीक्षकांचं काम होतं, ते त्यांनी चोख केलं. चुकलो मी. विकत घेणाऱ्यासाठी लिहिलेला निकाल मी खेळत असलेल्या, रमलेल्या पोराला वाचून दाखवला.

भाऊ आता नाशिकला नोकरी करतो. त्याला फोन करून विचारलं, “तो गेम आठवतो?”

“आठवतो की. झग्याचा भाग बेकार होता,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण शेवटपर्यंत खेळायचा होता रे मला.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात तो घरी येतोय. सीडी अजून माळ्यावर आहे, पण ती वाचायला घरात आता एकाही मशीनला ड्राइव्ह नाही. बाहेरून लावायचा एक मागवलाय.