छोट्या वृत्तपत्रामागची मोठी माणसे

सकाळी वर्तमानपत्र दारात पडले की घरातला प्रत्येक जण आपापले पान शोधू लागतो. दिल्लीची बातमी मोठ्या अक्षरांत असते, पण नजर आधी जाते ती आपल्या गावच्या पानाकडे. कोणत्या भागात आज नळाला पाणी येणार नाही, कोणत्या शाळेचा निकाल लागला, कोण निवर्तले, कोणता रस्ता खोदून ठेवला आहे, हे आधी वाचायचे आणि मग देशाचे राजकारण. यात चूक काहीच नाही. माणूस आधी आपल्या गल्लीत राहतो, मग देशात.

२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर शहर भूकंपाने हादरले. माणसे दगावली, असंख्य घरांना तडे गेले. अशा दिवशी माणसाला राजधानीतल्या घडामोडींपेक्षा आपल्या वस्तीतली कोणती भिंत धोक्याची आहे आणि मदत कुठे मिळेल, हे कळण्याची गरज असते. अफवा घोड्यावर बसून येते, खरी बातमी पायी येते, आणि ती घेऊन येणारा कोणीतरी असावा लागतो.

हा 'कोणीतरी' कोण असतो? त्याचे घर कसे चालते? त्याच्या कामाची किंमत कोण मोजते? नर्मदाकाठच्या जबलपूरला या प्रश्नांची उत्तरे शंभर वर्षांच्या इतिहासात सापडतात. आणि मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, त्या इतिहासाच्या आरंभी एक मराठी माणूस उभा आहे.

मायबोली मराठी, सेवा हिंदीची

जबलपूर आणि नागपूर यांचे नाते जुने. १८१७ पर्यंत जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे इंग्रजांच्या मध्यप्रांतात ही दोन्ही शहरे एकत्र आली आणि १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदली. त्यामुळे तिकडच्या कित्येक मराठी घरांत स्वयंपाकघरात मराठी आणि ओसरीवर हिंदी असा प्रकार सहज चालत असे.

अशाच एका घरात, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी, १९ जून १८७१ रोजी माधवराव सप्रे यांचा जन्म झाला. बिलासपूर, रायपूर, जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशा गावोगावी त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. घरच्यांनाही तेच हवे असणार. पण माधवरावांनी ती वाट धरली नाही. पेंड्रा या आडवळणाच्या गावी राजकुमाराचे शिक्षक म्हणून ते राहिले आणि जानेवारी १९०० पासून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' नावाचे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर संपादनात सोबतीला होते, तर वामन बळीराम लाखे प्रकाशनाची बाजू सांभाळत.

नावे पाहा! तिन्ही मराठी. ज्या मुलखात राहतो, ज्या माणसांचे अन्न खातो, त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलले पाहिजे, एवढी साधी भावना त्यामागे होती. पेंड्र्याला छापखाना नव्हता. मजकूर तिथे तयार व्हायचा आणि छपाई व्हायची आधी रायपूरला, मग नागपूरला. मासिक तीन वर्षे तोट्यात चालले आणि बंद पडले.

लहान नियतकालिक बंद पडते ते बहुधा असेच. संपादकाची बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. अंक आवडीने वाचणारे पुष्कळ असतात, वर्गणी वेळेवर धाडणारे थोडे. शेजाऱ्याचा अंक मागून वाचला तर आपले काय बिघडते, असे ज्याला त्याला वाटते. बिघडते ते त्या अंकाचे.

एका सहीची कहाणी

मासिक बंद पडले तरी माधवराव स्वस्थ बसले नाहीत. लोकमान्य टिळकांचा 'केसरी' मराठीत गर्जत होता. त्याचा आवाज हिंदी भाषकांपर्यंत पोहोचावा म्हणून १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू केले. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून माधवरावही तुरुंगात गेले.

इथून पुढची हकीकत चरित्रकारांनी लपवून ठेवलेली नाही. माधवरावांचे वडील बंधू बाबूराव यांना भावाचा तुरुंगवास सहन होईना. माफीनाम्यावर सही करून सुटून ये, नाहीतर मी जीव देईन, असा हट्ट त्यांनी धरला. वडील भाऊ म्हणजे वडिलांच्या ठिकाणी. एकीकडे देशाचे काम, दुसरीकडे सख्ख्या भावाचा जीव. माधवरावांनी सही केली आणि ते सुटले.

या सहीबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्यांच्या घरात असा प्रसंग कधी आला नाही, त्यांना तर फारच सोपे. बाबूरावांनाही दुष्ट कसे म्हणावे? धाकट्या भावाला बेड्या पडलेल्या पाहवत नाहीत, यात दुष्टपणा कसला? घरच्या मायेचीच ती एक तऱ्हा होती. पण त्या मायेने एका माणसाला आयुष्यभराची सल दिली, हेही तितकेच खरे.

सुटून आल्यावर माधवराव लोकांत मिसळेनासे झाले. त्यांनी समर्थ रामदासांचा आधार घेतला. काही काळ मधुकरी मागून, साधकासारखे राहून त्यांनी दासबोधाचा अभ्यास केला. मग दासबोध हिंदीत आणला. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवादही त्यांचाच. ज्या लोकमान्यांच्या मार्गावरून आपण मधेच परत फिरलो, असे त्यांना वाटत होते, त्यांचाच ग्रंथ ओळीओळीने हिंदीत उतरवताना त्यांच्या मनात काय आले असेल? खंत माणसाला बसवून ठेवते किंवा कामाला लावते. माधवरावांना तिने कामाला लावले.

जबलपूरचा 'कर्मवीर'

१९२० साली हाच माणूस जबलपुरात पुन्हा उभा राहिलेला दिसतो. पंडित विष्णुदत्त शुक्ल आणि माधवराव सप्रे यांच्या पुढाकाराने १७ जानेवारी १९२० रोजी 'कर्मवीर' हे हिंदी साप्ताहिक निघाले. संपादक म्हणून मात्र माधवरावांनी आपले नाव पुढे केले नाही. त्यांनी निवडले तिशीतल्या एका तरुणाला, माखनलाल चतुर्वेदी यांना. खांडव्याच्या शाळेतली मास्तरकी सोडून पत्रकारितेत आलेला हा कवी. १९१४ मध्ये त्यांची पत्नीही त्यांना सोडून गेली होती. पाठीशी ना पैसा, ना सांसारिक सुख, पण लेखणी निर्भय.

त्या काळी साप्ताहिक काढायचे म्हणजे आधी मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन जबाब नोंदवावा लागे. १९१० च्या कायद्याने नव्या पत्राकडून पाचशे ते दोन हजार रुपये जामीन मागण्याचा अधिकार सरकारला होता. त्या दिवसांत ही रक्कम म्हणजे डोंगर! या परवानगीच्या वेळची एक आठवण अजून सांगितली जाते. परवानगी सुखाने मिळावी म्हणून पोटापाण्यासाठी पत्र काढत आहोत अशा अर्थाचा मवाळ अर्ज तयार होता. माखनलालजींनी तो खिशातच ठेवला. इंग्रजी साप्ताहिक असताना हिंदी कशाला हवे, असे साहेबाने विचारताच, ते पत्र भित्रे आहे, मला राज्य चालता चालता थांबेल असे पत्र काढायचे आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. साहेबाला हा सरळपणा आवडला आणि जामीन न घेता परवानगी मिळाली, असे म्हणतात.

परवानगी मिळाली आणि काही महिन्यांतच परीक्षेची वेळ आली. सागरजवळ रतौना येथे डेव्हनपोर्ट नावाची कंपनी मोठा कत्तलखाना उभारणार, अशी जाहिरात माखनलालजींच्या वाचनात आली. शेतकऱ्याचे गोधन गेले तर शेती कशी चालणार, हा प्रश्न 'कर्मवीर'ने धसास लावला. विशेष म्हणजे जबलपुरातून निघणाऱ्या 'ताज' या उर्दू पत्राचे संपादक ताजुद्दीन हेही या योजनेविरुद्ध उभे राहिले आणि सागरला भाई अब्दुल गनी यांनी लोकांना जागे केले. हिंदू-मुसलमानांना एकमेकांविरुद्ध उभे करायला सोपा असा हा विषय. पण दोन लिपींतल्या दोन लहान पत्रांनी एकच गोष्ट सांगितली आणि त्याच वर्षी सरकारला योजना गुंडाळावी लागली.

पुढच्याच वर्षी माखनलालजींना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगवास घडला. जबलपूरचा 'कर्मवीर' पुढे बंद पडला आणि १९२५ मध्ये खांडव्याहून पुन्हा सुरू झाला. माधवराव २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूरला वारले. संपादकाच्या जागी त्यांचे नाव नव्हते, पण पत्राच्या पायात त्यांचा दगड होता.

पत्रामागचे घर

लक्ष्मणसिंह चौहान हे 'कर्मवीर'च्या कामातले एक सहकारी. त्यांची पत्नी म्हणजे प्रसिद्ध कवयित्री सुभद्राकुमारी. शिक्षण अर्धवट टाकून ती असहकाराच्या चळवळीत उतरली आणि १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरला तुरुंगात गेली. नवरा लेखणीने लढणारा, बायको कवितेने आणि सत्याग्रहाने. अशा घरात महिन्याचा वाणसामान कसा भरला जात असेल, आईवडील तुरुंगात असताना मुलांना कोण पाहत असेल, याची कल्पना ज्या गृहिणीने ओढाताणीचा संसार केला आहे तिलाच येईल. त्यांची कन्या सुधा चौहान यांनी आईवडिलांचे चरित्र लिहून त्या संसाराची आठवण पुढच्या पिढीसाठी जपली.

स्वातंत्र्यानंतरही जबलपूरची ही रीत सुटली नाही. भवानीप्रसाद तिवारी, रामेश्वर गुरू यांच्या 'प्रहरी' साप्ताहिकात हरिशंकर परसाई नावाचा तरुण शिक्षक लिहू लागला. पुढे नोकरी सोडून त्याने लेखणीवर जगायचे ठरवले. १९५६ मध्ये 'वसुधा' हे मासिक काढले आणि दोनेक वर्षांत पैशाअभावी ते बंद करावे लागले. परसाईंनी लग्न केले नाही. पण संसार केला, तो विधवा बहिणीचा आणि तिच्या मुलांचा. ज्यांची लेखणी तलवारीसारखी चालते, त्यांच्या घरातही कुणाची फी भरायची असते आणि कुणाचे औषध आणायचे असते, हे वाचकाच्या ध्यानात येत नाही.

पुढे 'देशबंधू' या दैनिकात परसाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. हलक्याफुलक्या प्रश्नांनी सुरू झालेले ते सदर हळूहळू गंभीर होत गेले. लहान गावांतली साधी माणसे पोस्टकार्डावर समाजाविषयी, इतिहासाविषयी विचारू लागली. प्रश्न विचारायला कोणी शिकवावे लागत नाही. ऐकून घेणारा भेटला की प्रश्न आपोआप येतात. परसाई १० ऑगस्ट १९९५ रोजी जबलपूरलाच गेले.

तळाची बारीक ओळ

जुन्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ असे. मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, छापले तमुक ठिकाणी. १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली होती. सरकारचा हेतू उघड होता: उद्या पकडायचे झाले तर कुणाला पकडावे, हे माहीत असावे. पण माधवराव सप्रे, माखनलाल चतुर्वेदी यांच्यासारख्यांनी त्या ओळीचा अर्थच पालटून टाकला. या मजकुराची जबाबदारी माझी आहे, मी इथे राहतो, या आणि मला विचारा, असा तो अर्थ.

आज बातमी खिशातल्या फोनवर क्षणात येते. गल्लीतली खबर गल्लीत पोहोचायला छापखाना लागत नाही की जुळाऱ्याने खिळे जुळवावे लागत नाहीत. ही सोय मोठीच आहे. पण पुष्कळदा त्या मजकुराखाली ती बारीक ओळ नसते. कोणी सांगितले, कुठून कळले, खोटे ठरले तर जाब कोणाला विचारायचा, काहीच ठाऊक नसते. आणि आपण ते वाचून पुढे धाडून मोकळे होतो. खरे तर पुढे धाडणारा प्रत्येक जण त्या घटकेला लहानसा संपादकच असतो.

तेव्हा एवढे तरी करता येईल. ज्या मजकुराखाली आपण आपले नाव लिहायला तयार नाही, तो दुसऱ्याला धाडू नये. आपल्या गावात कोणी निष्ठेने लहान पत्र चालवत असेल, तर त्याचा अंक मागून न वाचता वर्गणी भरून वाचावा. त्याने एखादी बातमी चुकवली तर चारचौघांत हसण्यापेक्षा त्याला गाठून सांगावे. आणि आपल्याच घरातला कोणी या वाटेला लागला असेल, तर काळजी जरूर करावी. ती सुटत नाहीच. पण त्याच्यापुढे सहीचा कागद ठेवण्याआधी क्षणभर माधवरावांना आठवावे.

भोपाळमध्ये १९८४ पासून माधवराव सप्रे यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय उभे आहे. मोठ्या दैनिकांबरोबरच, दोन-तीन वर्षे चालून बंद पडलेल्या कितीतरी लहान पत्रांचे पिवळे पडलेले अंक अशा ठिकाणी जपले जातात. ती पत्रे चालली नाहीत, असे हिशेबाची वही सांगते. पण ती ज्यांच्या हाती पडली, त्यांच्या घरात त्या दिवशी एक खरी बातमी पोहोचली होती, आणि तिच्याखाली कुणीतरी आपले नाव घातले होते.