डोमकळी आधी कोणी पाहिली?



सोबतचा फोटो मी काढलेला नाही. आमच्या धाकट्या पोरीनं काढलाय. ती 16 वर्षांची, अकरावीला आहे. मोबाईल माझाच जुना, काच तडकलेला, थोरल्यानं वापरून टाकलेला. त्यावर ही दिवसभर फोटो काढत असते. कशाचे? तर घरातले अन् शेतातले. आजी सुपात तूर पाखडतेय, फोलपटं उन्हात उडतायत. आई चुलीपुढं डोळे बारीक करून भाकर उलटतेय. खुरपणीला वाकलेल्या चार बाया, पाठीमागून. म्हशीच्या पाठीवर बगळा. मी बाजेवर तोंड उघडं टाकून झोपलेलो, तोही आहे.

मी एकदा रागावलो होतो. म्हणलं, "फोटोच काढायचे तर एखाद्या किल्ल्यावर गेल्यावर काढ. हे रोजचंच आहे." तर म्हणाली, "पप्पा, किल्ला काय पळून चाललाय का? आजी किती वर्षं तूर पाखडणारे?" मी गप्प बसलो, पण पटलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. परवा कापसाची वर्षाची नोंद लिहायला वही घेऊन बसलो. साडेतीन एकर कापूस, लागवड 15 जून. वहीत लिहिलेलं होतं: "21 ऑगस्ट, पहिली डोमकळी दिसली." पेजवर टाकायला डोमकळीचा चांगला फोटो पाहिजे होता. माझे सगळे हललेले. पोरगी म्हणाली, माझ्याकडं आहे. तिनं दाखवला तो हाच फोटो. तिच्या आईच्या तळहातावर डोमकळी, बोटं खुरप्यानं चिरलेली, नखांत माती, मागं हिरवं शेत अंधुक.

फोटो लई चांगला आला होता. म्हणून सहज तारीख बघितली. 12 ऑगस्ट.

माझ्या नोंदीच्या 9 दिवस आधी.

मंडळीला विचारलं, "हे तू 12 तारखेलाच बघितलं होतं का?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच संध्याकाळी सांगितलं होतं की तुम्हाला. तुम्ही म्हणालात, कालचं फूल आज मिटतंच, त्यात काय."

मग आठवलं. खरंच असं म्हणलो होतो. आणि म्हणलो ते अर्धं खरं आहे, म्हणूनच फसलो. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळट पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. पण डोमकळी वेगळी. आतली गुलाबी बोंडअळी पाकळ्या धाग्यानं शिवून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं पिळलेलं दिसतं. बोटांनी उकलायला गेलं तर पाकळ्या सुटत नाहीत अन् आत अळी सापडते. मंडळीनं उकलून बघितलं होतं. मी बांधावर उभा राहून उत्तर दिलं होतं.

बरं, कामगंध सापळेही मी वेळेवर लावले नव्हते. 45 दिवसांचं पीक झालं की एकरी दोन सापळे लावा, असं आपणच पेजवर सांगायचं, अन् स्वतःचे लावले 67 व्या दिवशी. रोज 8 पतंग, असं सलग 3 दिवस सापडले की नुकसानीची पातळी गाठली समजायची. माझ्या सापळ्यात पहिल्या रात्रीपासून त्याच्या वर होते. 12 तारखेला डोमकळ्या तोडून जाळल्या असत्या, 5 टक्के निंबोळी अर्क मारला असता, तर पुढची पिढी थोडी तरी कमी झाली असती. दुसऱ्या वेचणीला कवडी निघाली, व्यापाऱ्यानं भाव पाडला. सगळं नुकसान त्या 9 दिवसांनीच झालं असं म्हणणार नाही. पण ते 9 दिवस माझ्या हातात होते.

त्या रात्री पेजवरचे माझे सगळे फोटो खालपर्यंत बघितले. पीक आहे, कीड आहे, बैल आहेत, फवारणीचा पंप आहे, पाहुणे आहेत, मी तर आहेच. पोरीची आई एकाही फोटोत नाही. तिनं निंदलेली शेतं मात्र सगळ्या फोटोत आहेत.

पोरीला विचारलं, आईचेच एवढे फोटो का? म्हणाली, कॉलेजच्या मॅडमनी पी. साईनाथ यांचे फोटो मोबाईलवर दाखवले होते. खेड्यापाड्यातल्या बायकांच्या कामाचे, 1993 ते 2002 मध्ये दहा राज्यांत फिरून काढलेले. "ते बघितले अन् वाटलं, हे तर आपल्या घरी रोज चाललंय."

तिच्याकडून मी जे शिकलो ते तुम्हालाही सांगतो, कामाचं आहे. फोटोआधी कॅमेऱ्याची काच पुसायची. सकाळी आठच्या आत किंवा चारनंतरचं ऊन चांगलं, दुपारी पान नुसतं चमकतं. झूम करायचं नाही, आपणच जवळ जायचं. कृषी सहायकाला किंवा जाणकाराला पाठवायचे असतील तर तीन फोटो: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, अन् कीड जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका. तारीख त्यात राहते. आपल्या डोक्यात राहत नाही, हे मी सिद्ध केलंच आहे.

वहीत 21 ऑगस्ट खोडून 12 ऑगस्ट केलं. एक नवा रकानाही आखला: "कोणी पाहिलं." पहिलं नाव मंडळीचं लिहिलं अन् तिला दाखवलं. बघितलं, हसली, म्हणाली, "नाव लिहून काय करता? औंदा सापळे वेळेवर लावा."

फोटो टाकायची परवानगी तिला विचारली. "हाताचा टाका, तोंडाचा नको," म्हणाली. म्हणून हाताचाच टाकलाय.

कापूस उपटलाय, फरदड ठेवलेली नाही. तुमच्याकडं अजून पऱ्हाटी उभी असेल तर काढून घ्या. आणि आज संध्याकाळी घरात विचारा, शेतात काय दिसलं म्हणून. उत्तर पूर्ण ऐकून घ्या.