जेवणाच्या टेबलावरील फुलें

पानाभोंवतीं रांगोळीची महिरप काढावी, समया लावाव्या, उदबत्तीचा मंद सुवास दरवळूं द्यावा, आणि लिंबाच्या फोडीपासून पुरणापर्यंत प्रत्येक पदार्थ आपापल्या जागीं, डाव्याउजव्याची मर्यादा संभाळून वाढावा, इतकी सौंदर्यदृष्टि ज्या भोजनविधींत आहे, त्यांत जेवणाऱ्याच्या समोर एक फूल ठेवण्याला मात्र स्थान नसावें, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस चमत्कारिक वाटत असे. फुलांची कांहीं आपल्याकडे वानवा नव्हती. जाई, जुई, तगर, जास्वंद, प्राजक्त हीं सारीं परसांतलीं, म्हणजे घरचींच. परंतु परसांतून घरांत येणाऱ्या फुलाला आमच्याकडे दोनच वाटा मोकळ्या असत. एक देवघराची आणि दुसरी सुवासिनींच्या केंसांची. जेवणघरांत फुलाला कामच नव्हतें. पाणी पिण्याच्या लहानशा भांड्याला आपण 'फुलपात्र' असें गोड नांव दिलें आहे खरें, पण त्या पात्रांत प्रत्यक्ष फूल ठेवलेलें मीं लहानपणीं कोणाच्याही घरीं पाहिलें नाहीं.

पुढें पाट गेले, टेबल आलें आणि टेबलाच्या पाठोपाठ फुलदाणी आली. तिच्यावर घेण्यांत येणारे आक्षेप मुख्यतः दोन आहेत. पहिला असा कीं, हा सगळा साहेबी थाट आहे. दुसरा असा कीं, फुलांबरोबर किडेमुंग्या येतात आणि पाकळी गळून आमटींत पडते. दुसऱ्या आक्षेपांत तथ्य आहे व त्याचा विचार पुढें करूं. पहिल्याविषयीं मात्र दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. कारण आमच्या घरांत हा प्रश्न नुसत्या शोभेचा राहिला नाहीं.

साहेबाच्या देशांतही टेबलाच्या मध्यभागीं फुलें मांडण्याचा प्रघात आपण समजतों तितका सनातन नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपांतील बड्या मेजवान्यांतून फ्रेंच रीत चालत असे. म्हणजे एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडून ठेवावयाचे व ज्यानें त्यानें जवळचें घ्यावयाचें. टेबल अशा रीतीनें ताटल्यांनीं भरून गेल्यावर फुलांना फारशी जागा कोठून उरणार? पुढें रशियन रीत आली. तींत पदार्थ एकामागून एक बाहेरून आणून प्रत्येकाला वाढीत. ही रीत शतकाच्या मध्यानंतर रूढ होत गेली, टेबलाचा मध्य मोकळा पडला आणि त्या मोकळ्या जागीं फुलांनीं व फळांनीं आपलें बस्तान बसविलें. गंमत अशी कीं, वाढप्यानें एकेक पदार्थ घेऊन पंक्तींतून फिरावें ही आपली रीत त्या रशियन रीतीच्याच जातीची आहे. फरक इतकाच कीं, भिंतीकडे पाठ करून बसलेल्या आपल्या पंक्तींना टेबलासारखा मध्य नव्हता. मधून वाढप्यांना धांवावें लागे.

मोकळी जागा मिळतांच तिकडील लोकांनीं अतिरेकही केला. फांद्याफांद्यांच्या उंच पात्रांतून फुलांचे मनोरे उभे राहूं लागले आणि समोरच्या माणसाचें तोंड दिसेनासें झालें. आपल्याकडील लग्नकार्यांत आज पाहुण्यांच्या टेबलावर जे अवजड गुच्छ ठेवतात, ते याच मनोऱ्यांचे वंशज आहेत. असल्या गुच्छाच्या पलीकडे बसलेल्या विहीणबाईंशीं बोलावयाचें तर एकदां डावीकडून आणि एकदां उजवीकडून डोकावावें लागतें. जेवणाचें टेबल हें घरांतील माणसें दिवसांतून एकदां तरी एकमेकांच्या समोर बसण्याचें ठिकाण आहे. त्याच्यावर भिंत बांधणें हा शुद्ध अविचार होय.

म्हणूनच माझा पक्ष लहान फुलदाण्यांचा. मध्यें एक मोठी ठेवण्यापेक्षां, प्रत्येकाच्या पानापुढें वितीहून कमी उंचीची एकेक कुपी व तींत एखाददुसरें फूल. एका फुलाचें सामर्थ्य जपानी लोकांनीं फार पूर्वीं ओळखलें. त्यांच्या चहाविधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू हा सोळाव्या शतकांत होऊन गेला. त्याच्या बागेंतील प्रभातपुष्पांची कीर्ति ऐकून तेथील सत्ताधीश हिदेयोशी तीं पाहावयास आला, तों बागेंत एकही फूल नाहीं; सगळीं तोडून टाकलेलीं! संतापून तो चहाच्या खोलींत शिरला, तेव्हां तेथें एकच फूल मांडून ठेवलेलें त्याला दिसलें, अशी आख्यायिका आहे. सगळी बाग तोडण्याचें धाडस मला कधींही होणार नाहीं. पण एक फूल माणूस पाहतो आणि शंभर फुलें नुसतीं त्याच्या डोळ्यांपुढें असतात, हा भेद त्या आचार्याला कळला होता एवढें खरें. इंग्लंडांतही कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंनीं 1929 सालीं लंडनमध्यें फुलांचें दुकान काढलें आणि कोबीच्या कुळांतील भाजीचीं पानें, कुंपणावरच्या वेली, रानटी फळांचे घोंस असल्या उपेक्षित वस्तूंना पुष्परचनेंत मान मिळवून दिला. पुढें 1953 सालीं राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणसमारंभांतील फुलांची कामगिरीही त्यांनीं पाहिली. तेव्हां थाट साहेबाचा म्हणावयाचा तर खुद्द साहेबाच्या घरींच तो थाट परसांतल्या पाल्यापाचोळ्यापर्यंत येऊन पोंचला होता!

कुप्या विकत आणण्याची मुळींच गरज नाहीं. शाईची जुनी दौत, औषधाची रिकामी बाटली, काळी पडलेली अत्तरदाणी, जोडीदार हरवलेलें चांदीचें फुलपात्र, यांपैकीं कांहींही चालतें. तोंड अरुंद असावें, म्हणजे एकटें फूल लवंडत नाहीं. कोपर टेबलावर टेकून मूठ हनुवटीखालीं धरावी; फूल त्या मुठीच्या वर जाऊं नये. देंठ तिरपा कापावा, पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावीं, कारण तीं कुजून पाण्याला घाण येते. आणि पाणी रोज बदलावें. आंब्याच्या दिवसांत पिकत घातलेल्या फळांच्या टोपलीजवळ मात्र फुलें ठेवूं नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूनें फुलें लवकर मान टाकतात. हा अनुभव मला पुष्कळ वर्षांपूर्वीं आला. त्याचें शास्त्र मागाहून कळलें.

कोणतें फूल ठेवावें हा खरा रसिकतेचा प्रश्न. निशिगंध आणि सोनचाफा मी जेवणाच्या टेबलावर येऊं देत नाहीं. त्यांचा वास इतका मानी असतो कीं, साजुक तुपाला व लिंबाला तो बोलूंच देत नाहीं. अबोलीला वास नाहीं, ती पुष्कळ दिवस टिकते आणि तिचा रंग पांढऱ्या भाताशेजारीं फार खुलतो. टेबलासाठींच जणूं ती जन्मास आली आहे. शेवंती टिकाऊ, पण आधीं झटकून घ्यावी, म्हणजे किडेमुंग्यांच्या आक्षेपाचें निरसन होतें. जास्वंदीचें आयुष्य एका दिवसाचें. तिला पाणी दिलें काय आणि न दिलें काय, ती सायंकाळपर्यंत फुललेली राहते, म्हणून नुसती पानाशेजारीं ठेवली तरी चालते. गुलबक्षी दिवस कलतांना उमलते, म्हणून ती रात्रीच्या जेवणाची. प्राजक्त सकाळच्या न्याहारीपुरता, उथळ वाटींत तरंगत. एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी. कण्हेर, मग ती तांबडी, पांढरी असो वा पिवळी, जेवणाच्या टेबलावर कदापि नको. तिच्या सर्व भागांत विष आहे, आणि ज्या घरांत लहान मुलें हाताला येईल तें तोंडांत घालतात, तेथें हा धोका कोणीं पत्करावा? देवाला ती खुशाल वाहावी. देव कांहीं ती खात नाहीं.

आतां आमच्या घरची हकीकत. आमच्याकडे टेबल आलें तें 1974 सालीं, आणि तें हौसेनें आलें नाहीं. आजींच्या गुडघ्यांसाठीं आलें. आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. 1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथींत त्यांचे यजमान गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें आणि मामंजी पाळण्यांत होते. तेव्हांपासून लाल आलवण, एकभुक्त राहणें आणि पंगत उठल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत एकटीनें जेवणें हा त्यांचा क्रम छपन्न वर्षें अखंड चालला होता. तो मोडण्याचें कारण कोणी सुधारक नव्हे, तर गुडघे. पाटावर बसणें बंद करा, असें डॉक्टरांनीं निक्षून सांगितलें. टेबलावर जेवणें हें आजींच्या सोंवळ्याला मानवणारें नव्हतें; तेव्हां त्यांनींच एक तोड काढली. टेबलावर आपला जुना पाट मांडावयास सांगितला आणि त्या पाटावर ताट घेतलें. खुर्चीवर बसून, टेबलावरच्या पाटावर ठेवलेल्या ताटांत आजी जेवत आहेत, हें दृश्य पाहून प्रथम आम्हां सर्वांना हसूं आवरेना. पण त्या आम्हां सर्वांबरोबर, सर्वांच्या समोर बसून जेवत होत्या, हें त्या हंसण्याच्या गडबडींत ध्यानांत यावयास दोनतीन दिवस लागले.

फुलांच्या बाटल्या ठेवण्यास मीं त्याच वर्षीं सुरुवात केली. टेबलावर सहा पानें, म्हणून सहा बाटल्या. पहिल्या दिवशीं गांवठी गुलाब होते. आजींच्या पाटापुढें बाटली ठेवतांना माझा हात क्षणभर थबकला, हें खोटें कशाला सांगूं? त्या घरांत रोज पहाटे फुलें वेंचीत त्या आजीच. परडी भरून त्या देवापुढें ठेवीत, आमच्यासाठीं गजरे गुंफीत; पण स्वतःसाठीं म्हणून एक पाकळीही त्यांनीं कधीं हातांत धरलेली कोणीं पाहिली नव्हती. पांच बाटल्या ठेवून सहावी न ठेवणें माझ्याच्यानें झालें नाहीं. मीं ती ठेवली.

आजींनीं बाटली बोटानें थोडी दूर सारली व म्हणाल्या, "अगं, हें देवापुढें ठेव."

मीं म्हटलें, "आजी, तोडतांना मीं त्याचा वास घेतला. आतां देवाला कसें चालेल?"

"मग तूं माळ."

"माझ्या केंसांत तुम्हींच सकाळीं माळलेलें आहे कीं."

टेबलावर कोणी बोलेना. मामंजी खालीं मान घालून भात कालवूं लागले. आजींनीं जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग असूं दे तिथंच. पाण्यांत आहे, उगीच वाया कशाला घालवायचं?"

देवाचें नव्हे आणि सुवासिनीचेंही नव्हे, अशा फुलाविषयीं शास्त्रांत कांहीं लिहिलेलें नव्हतें. म्हणून तें आजींना चाललें, अशी माझी समजूत आहे. 1856 सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. 1896 सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यांत विधवांसाठीं संस्था काढली. पुनर्विवाहाला वाट मिळाली, शिक्षणाला वाट मिळाली. परंतु ज्या बाईला पुन्हां लग्न करावयाचें नव्हतें आणि शाळेंतही जावयाचें नव्हतें, तिच्या कपाळाचा आणि केंसांतल्या फुलाचा प्रश्न घराघरांतून तसाच पडून राहिला. तो किती काळ पडून राहिला हें पाहावयाचें असेल तर कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवाचें उदाहरण घ्यावें. पतिनिधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या प्रथा बंद कराव्यात असा ठराव तेथील ग्रामपंचायतीनें केला, तो 2022 सालच्या मे महिन्यांत. आणि त्याच महिन्यांत राज्यसरकारनें इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरविण्यास सांगितलें. ती बातमी वाचली तेव्हां आजींना जाऊन चाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

त्या पहिल्या दिवसानंतर आमच्या घरीं या विषयावर कधींही चर्चा झाली नाहीं. मला वाटतें, तेंच बरें झालें. चर्चा झाली असती तर आजींना नाहीं म्हणावें लागलें असतें. बाटली आधीं पाटापासून दूर असे. हळूहळू ती पाण्याच्या भांड्यापाशीं आली. पुढें त्या, "तेरडा आज नको, पाकळ्या गळतात," "जास्वंदीला पाणी कशाला?" असें सांगूं लागल्या. वर जें मीं शेवंती झटकण्याविषयीं आणि गुलबक्षीच्या वेळेविषयीं लिहिलें आहे, तें बहुतेक त्यांच्याच तोंडचें आहे. साठ वर्षें फुलें वेंचणाऱ्या बाईला फुलांचे स्वभाव माझ्यापेक्षां किती तरी अधिक ठाऊक होते. वर्षभरानें बाटल्या भरण्याचें काम त्यांनीं माझ्या हातून काढूनच घेतलें.

मोगऱ्याचा बहर आला म्हणजे त्या हटकून मोगरा ठेवीत. तीव्र वासाचीं फुलें जेवणापाशीं नकोत हें माझें मत मीं त्या दिवसांपुरतें गुंडाळून ठेवीत असें. सहा बाटल्या ओळीनें मांडून, गुडघ्यांवर हात टेकून त्या खुर्चीवर बसत आणि प्रत्येकाच्या बाटलींत एकेक कळी घालीत. स्वतःच्या बाटलींत त्या दोन घालीत.