सायकलचें अंतःसूत्र

साठी उलटलेल्या गृहस्थानें सायकलवर बसावें कीं नाहीं, हा आमच्या पेठेंतील जुना वाद विजेच्या सायकलीनें बहुतेक मिटविला आहे. पाय पेडल मारतात व मोटार त्यांस हातभार लावते. त्यामुळें पन्हाळ्याचा चढ आमच्यासारख्या पेन्शनरासही अगम्य राहिलेला नाहीं. आमच्या वडील भगिनी तेथें एकट्या राहतात, आणि दर रविवारीं त्यांचीं औषधें पोंचविण्याचें काम आम्ही हौसेनें पत्करिलें आहे. गेल्या श्रावणांत मात्र चढावर गिअर बदलेना. बॅटरी भरलेली, मोटार ठणठणीत. अडली ती केवळ एक बारीक तार!

ह्या तारेची युक्ति अर्नेस्ट बाऊडन ह्या गृहस्थाच्या नांवानें ओळखली जाते. तिचें पेटंट १८९६ सालचें आहे. बाहेर न दबणारें आवरण व आंत सरकणारी तार. त्यामुळें वळणावळणानेंही ओढ पोंचते. गिअरची तार सुमारें १.२ मिलिमीटर जाडीची असते. पूर्वीं ती सांगाड्याबाहेरून जाई व कोणीही पाव तासांत बदली. आतां शोभेकरितां ती नळीच्या पोटांतून नेतात, आणि विजेच्या सायकलींत तेथेंच बॅटरीच्या व मोटारीच्या वायरींची दाटी असते. कोल्हापूरच्या पावसाचें पाणी आवरणांत शिरलें, कीं तार गंजते, घर्षण वाढतें व सांखळी मोठ्या चक्रावर चढत नाहीं.

एका दुकानदारानें सायकल पंधरा दिवस ठेवून जा, असें सांगितलें. आम्ही ती शिवाजी उद्यमनगरांतील एका तरुण कारागिराकडे नेली. त्यानें प्रथम बॅटरी काढून बाजूस ठेवविली. आम्ही पक्कड उचलतांच तो म्हणाला, “गुरुजी, जुनी तार लगेच वढू नका, वाट तीच दावत्या.” मग तारेचें मागचें टोक सोडवून त्यानें तिच्यावरून एक बारीक प्लॅस्टिकची नळी सरकवीत दुसऱ्या तोंडांतून बाहेर आणिली. त्यानंतर जुनी तार काढली, नळींतून नवी ओंवली व शेवटीं नळी काढून घेतली. ज्या सायकलींत आवरणही आंतून अखंड जातें, तेथें आधीं आवरण काढून जुन्या तारेवरूनच नवें सरकवितात, व मग तार बदलतात. शेवटीं पेच फिरवून ताण जुळविला. नवी तार कांहीं दिवसांत किंचित् सैल पडते, म्हणून पुन्हां एकदां ताण पाहावा लागतो. सारें काम दीड तासाचें.

संस्कृतांत सूत्र म्हणजे दोरा. व्याकरणाचीं सूत्रें मुलांस शिकवितांना आम्ही हेंच सांगत आलों कीं, मागल्या सूत्रांतील पद पुढल्यांत चालत येतें, तें सोडलें तर अर्थ लागत नाहीं. ह्या कारागिरानें तोच धडा आमच्या हातीं पक्कड देऊन शिकविला.

परंतु एक चिंता उरते. १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं सायकलींचें दुकान घातलें. त्या उद्योगाचाच वाढता विस्तार होऊन १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. उघड्या यंत्राशीं हात लावून झटापट करतां येते, म्हणूनच कारागीर घडतात. यंत्राचें पोट शिवून टाकिलें, तर पुढील पिढीनें शिकावें कोठें? म्हणून वाचकांनीं विजेची सायकल घेतांना रंग व वेग यांपूर्वीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: तार कोठून जाते, ती बदलण्यास मोटार उतरवावी लागते काय, आणि हें काम आपल्या गांवांत होतें काय. तिसऱ्याचें उत्तर “होतें” असें मिळालें, तर त्या कारागिराचें दुकान आधीं पाहून यावें व मगच पैसे मोजावे.