डार्विनची तोफ

डार्विनला निघालो तेव्हा स्नेही म्हणाले, ‘सिडनी-मेलबर्न सोडून तिथे काय पाहणार?’ प्रश्न रास्त होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचे हे लहानसे शहर. समुद्र सुरेख, पण तो काठावरूनच पाहावा; पाण्यात मगरी असतात!

काठावरच्या बागेत एक तोफ आहे, ‘पिअरी’ या अमेरिकन युद्धनौकेवरची. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी या बंदरावर दोन हल्ले चढवले. सुमारे २३५ माणसे गेली, त्यांत ८०हून अधिक एकट्या ‘पिअरी’वरची. बुडालेल्या जहाजावरून काढलेल्या या तोफेचे तोंड शत्रूच्या दिशेला नाही. जिथे ते जहाज बुडाले तिकडे आहे. मी बराच वेळ तिच्यापाशी उभा होतो.

आज याच गावात २०१२पासून दरवर्षी अमेरिकन मरीन सैनिक कित्येक महिने मुक्कामाला असतात. २०२२च्या ‘पिच ब्लॅक’ या हवाई सरावाला १७ देश आले. जर्मनीची विमाने थेट युरोपातून आली. आपली सुखोई होती (ही जात आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधतात, बरे का!). आणि जपानची लढाऊ विमाने त्या सरावात प्रथमच उतरली, हल्ल्याला ऐंशी वर्षे झाली त्याच साली! चीनचे वाढते आरमार आणि व्यापाराचे सागरी मार्ग यांची काळजी या बहुतेकांना आहे. पण नुसत्या काळजीने कालचा वैरी घरात घेता येतो, असे मला वाटत नाही.

त्याची सुरुवात फार आधी झाली होती. १९५९ साली र्‍युगो फुजिता हे जपानी कंत्राटदार बंदरातली बुडालेली जहाजे काढायला आले. गावाने त्यांच्या माणसांकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल! काम चालू असताना फुजितांनी त्याच जहाजांच्या धातूचे ७७ क्रूस घडवून इथल्या नव्या स्मारक-चर्चला दिले. दोन्ही देशांचा सुरक्षा सहकार्याचा जाहीरनामा निघाला तो २००७ साली. २०१८मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी डार्विनला येऊन स्मारकावर पुष्पचक्र वाहिले, आणि एकमेकांच्या भूमीवर सैन्य नेण्याची वाट सोपी करणारा करार २०२३ साली अमलात आला.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. ज्या बंदराभोवती एवढी राखण, ते खुद्द बंदरच २०१५ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीला देऊन टाकले होते! २०२५च्या निवडणुकीत ऑस्ट्रेलियातल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी ते परत घेण्याचे वचन दिले. आता पट्टा सोडवायचा म्हणजे पैसे मोजणे आले.